सात अमिराती, एक फौज

दुबईहून परतलेला नातेवाईक तिथल्या पोलिसांबद्दल भरभरून बोलतो. लॅम्बोर्गिनीतून फिरणारे पोलीस, त्या गाडीशेजारी उभे राहून काढलेला फोटो, रात्री उशिरा बाईमाणसाला एकटीने टॅक्सी करता येते याचे कौतुक. तिथला सैनिक पाहिल्याचे मात्र मला आजवर कोणी सांगितलेले नाही. तसा तो दिसतही नाही. तरीही संयुक्त अरब अमिरातीच्या या न दिसणाऱ्या फौजेने गेल्या तीसेक वर्षांत सोमालिया, कोसोव्हो, अफगाणिस्तान, लिबिया आणि येमेन इथे माणसे किंवा विमाने पाठवली आहेत. पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले जनरल जेम्स मॅटिस आणि त्यांच्या बरोबरीचे सेनानी तिला कौतुकाने ‘छोटा स्पार्टा’ म्हणत. स्पार्टातही पूर्ण नागरिक मूठभरच होते आणि पिढीगणिक ते घटत गेले. मॅटिस यांच्या मनात बहुधा हे साम्य नसावे, पण खरे साम्य तेच आहे.

हिशेब साधा आहे. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, त्यातले नागरिक जेमतेम दहात एक. बाकीचे केरळ, पंजाब, सिंध, फिलिपिन्स, इजिप्त आणि आपल्याकडचे रत्नागिरी-रायगड, मुंबई-पुणे इथून कामासाठी आलेले. म्हणजे ज्यांच्यातून सैन्य उभारायचे ते नागरिक नाशिक शहराच्या लोकसंख्येहूनही कमी. त्यातून पुरुष, त्यातून लढण्याच्या वयाचे, त्यातून ज्याला बँकेतली किंवा सरकारी कचेरीतली सुखाची नोकरी सोडून वाळवंटात कवायत करायची इच्छा आहे असे किती उरतील? तरी लष्करी अभ्यासक या देशाचे खडे सैन्य साठ हजारांच्या वरच धरतात. शिवाय हे एकसंध राज्य नाही. सात शेखांनी मिळून केलेला संघ आहे. तेव्हा पैसा आहे पण माणसे नाहीत एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. पैसा एका अमिरातीकडे, माणसे दुसरीकडे आणि कसब तिसऱ्याच देशातून आलेले, अशी ही मांडणी आहे. ही फौज नेमकी कोणाची, हा प्रश्न पन्नास वर्षे तिच्या पाठीला चिकटलेला आहे.

या किनाऱ्यावर आधुनिक शस्त्रांची मोठी फौज पहिल्यांदा उतरली ती मुंबईहून. १८०९ मध्ये एकदा आणि १८१९ च्या अखेरीस दुसऱ्यांदा मुंबई सरकारने रास अल खैमावर आरमार धाडले. दुसऱ्या मोहिमेत मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर याच्या हाताखाली गोऱ्या पलटणींबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाईही होते. इकडे पेशवाई बुडून दीड वर्ष झाले होते. मोकळे झालेले मुंबईचे हात तिकडे पोचले. कारण सांगितले गेले चाचेगिरीचे. रास अल खैमा आणि शारजाचे कासिमी खरोखर चाचे होते का, की कंपनीला समुद्री व्यापारातला प्रतिस्पर्धी नको होता, यावर शारजाचे आजचे शासक शेख सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी यांनी एक अख्खा प्रबंध लिहिला आहे, आणि तोही मुंबईच्या दप्तरखान्यातली कागदपत्रे चाळून. १८२० मध्ये तह झाले, १८५३ मध्ये त्यांना कायमचे रूप आले आणि इंग्रजांच्या लेखी हा भाग ‘तहाचा किनारा’ ठरला. या आणि पुढच्या तहांचा मथितार्थ आपल्याला नवा नाही. बाहेरच्यांशी व्यवहार आम्ही पाहू, समुद्र आम्ही राखू, तुम्ही आपसात लढू नका. वसईच्या तहानंतर पेशव्यांकडे निदान तैनाती फौज तरी आली होती. इथल्या शेखांच्या वाट्याला तीही नव्हती. १८७३ पर्यंत या किनाऱ्याचा कारभार मुंबईच्या अखत्यारीत होता आणि रुपया तर १९६६ पर्यंत तिथले चलन होता.

फौज आली ती तेलाच्या वासामागून. १९५१ मध्ये शारजाला ‘ट्रुशियल ओमान लेव्हीज’ नावाचे छोटे दल उभे राहिले. अधिकारी ब्रिटिश, सुरुवातीचे शिपाई जॉर्डनच्या अरब लीजनमधून मागवलेले. गुलामांचा व्यापार रोखणे, टोळ्यांची भांडणे मिटवणे आणि तेल शोधणाऱ्या पथकांना संरक्षण देणे ही त्यांची कामे. १९५५ मध्ये याच दलाने बुरैमीच्या ओॲसिसमधून सौदी तुकडी हुसकावली. दुसऱ्या वर्षी दलाचे नाव ‘ट्रुशियल ओमान स्काउट्स’ झाले. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल बांधलेले हे शिपाई वाळवंटातल्या पोलिसांसारखे होते, आणि त्यांचा धनी एकही शेख नव्हता. ते लंडनचे होते. म्हणूनच सातही अमिरातींना त्यांचे भय वाटत नसे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सगळ्यांना परके असणे हा त्या दलाचा गुण होता.

१९६८ च्या जानेवारीत हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने जाहीर केले की १९७१ अखेर ब्रिटन सुएझच्या पूर्वेकडचे तळ आवरणार. अबुधाबीच्या शेख झायेद यांनी फौज राहू द्या, खर्च आम्ही देतो, अशी तयारी दाखवली. लंडनने ती नाकारली. पैसे देऊन संरक्षण विकत घेण्याचा या देशाचा हा पहिला प्रयत्न म्हणायला हरकत नाही, आणि तो फसला. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिरातींचा संघ झाला. दोनच दिवस आधी इराणने होर्मुझच्या तोंडावरची मोठी आणि छोटी तुंब ही बेटे ताब्यात घेतली होती. स्काउट्सचे बोर्ड बदलून ‘संघ संरक्षण दल’ झाले. पन्नासेक दिवसांत त्याला पहिले काम मिळाले, तेही घरातच. १९७२ च्या जानेवारीत शारजाचा पदच्युत शेख सक्र बिन सुलतान याने सशस्त्र साथीदारांसह राजवाड्यात घुसून सत्ता घेण्याचा प्रयत्न केला. शासक शेख खालिद मारले गेले. संघाच्या दलाने राजवाड्याला वेढा घालून बंड मोडले आणि खालिद यांचे भाऊ गादीवर आले. हेच ते मुंबईची दप्तरे चाळणारे शेख सुलतान.

संघाचे दल असे उपयोगी पडले, तरी अमिरातींनी आपापल्या फौजा मोडल्या नाहीत. अबुधाबीने १९६५ मध्येच स्वतःचे संरक्षण दल काढले होते आणि तेलाच्या पैशावर ते संघाच्या दलाला मागे टाकून फुगले. त्याची विमाने चालवायला आणि शिकवायला पाकिस्तानी वैमानिक आले. रास अल खैमाचे फिरते दल १९६९ चे, दुबईचे दल १९७० चे. मराठेशाहीचा इतिहास वाचलेल्याला हे चित्र लगेच कळेल. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या फौजा एकीकडे आणि पेशव्यांची हुजुरात दुसरीकडे. फरक एवढाच की इथे हुजुरात सगळ्यांत अशक्त होती आणि एका सरदाराचा खजिना बाकी सगळ्यांच्या बेरजेहून मोठा होता. देशाच्या तेलसाठ्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा एकट्या अबुधाबीत आहे.

६ मे १९७६ रोजी अबू मुरैखा इथे सर्व फौजा एका झेंड्याखाली आणण्याचा निर्णय झाला. तो दिवस आजही एकीकरण दिन म्हणून पाळला जातो. पण कागदावरची एकी आणि छावणीतली एकी यांत वीस वर्षांचे अंतर राहिले. १९७८ मध्ये झायेद यांनी विशीतल्या आपल्या मुलाला, शेख सुलतान यांना, सरसेनापती नेमले आणि दुबई बिथरली. पुढच्या वर्षी कुवेतने मध्यस्थी केली, दुबईचे शेख रशीद पंतप्रधान झाले, दुबईचे दल मात्र ‘मध्य विभाग’ या नावाखाली जवळपास स्वतंत्रच राहिले. इराण-इराक युद्धात अबुधाबीचा कल इराककडे होता, तर दुबईची गोदी इराणी व्यापारावर चालत होती. अबुधाबीने फ्रान्सकडून एएमएक्स-३० रणगाडे घेतले, दुबईने इटलीकडून ओएफ-४०. महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाएवढ्या देशात दोन बनावटींचे रणगाडे, दोन तऱ्हांचे सुटे भाग आणि दोन सेनापती!

हा घोळ निस्तरला १९९६ मध्ये. तोवर ‘हंगामी’ म्हणून चाललेली राज्यघटना कायम झाली आणि तिच्या १४२ व्या कलमात बदल झाला. आधी प्रत्येक अमिरातीला सशस्त्र दल बाळगण्याची मुभा होती. आता भूदल, नौदल, हवाईदल उभारण्याचा हक्क फक्त संघराज्याला. दुबईचे दल त्यानंतर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, विलीन झाले. मानापमान सांभाळण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. संरक्षण मंत्रालय १९७१ पासून दुबईकडे आहे: शेख मोहम्मद बिन रशीद विशीत असताना संरक्षणमंत्री झाले, बावन्न वर्षे राहिले आणि २०२४ मध्ये ते खाते त्यांच्या मुलाकडे, शेख हमदान यांच्याकडे गेले. प्रत्यक्ष फौज मात्र अबुधाबीतल्या मुख्यालयातून चालते. तिथे १९९३ पासून सेनाप्रमुख आणि २००५ पासून उपसरसेनापती होते अबुधाबीचे शेख मोहम्मद बिन झायेद, ब्रिटनच्या सँडहर्स्टमध्ये शिकलेले वैमानिक. २०२२ पासून ते देशाचे अध्यक्ष आहेत. आजची फौज ही बव्हंशी या एका माणसाची निर्मिती आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि त्यांना घडवणारे वर्ष होते १९९०. त्या जुलैत सद्दाम हुसेन याने कुवेतबरोबर अमिरातीवरही जादा तेल काढल्याचा आरोप केला होता. ऑगस्टमध्ये कुवेत दोन दिवसांत गिळले गेले. श्रीमंत, छोटा, अरब, तेलवाला देश नकाशावरून कसा पुसला जातो हे शेजारच्या घरात पाहायला मिळाले. त्यानंतरची खरेदी या धसक्यातून समजते. १९९३ मध्ये फ्रान्सकडे सुमारे ३९० लेक्लेर्क रणगाड्यांची मागणी गेली, तीही आपल्या उन्हाला साजेल असे जर्मन इंजिन बसवून द्या या अटीवर. २००० मध्ये अमेरिकेशी ८० एफ-१६ विमानांचा करार झाला. नव्या आवृत्तीच्या संशोधनाचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा खर्च गिऱ्हाइकानेच उचलला, त्यामुळे अबुधाबीच्या धावपट्टीवरची एफ-१६ खुद्द अमेरिकी हवाईदलातल्या एफ-१६ हून पुढारलेली निघाली. २०२१ च्या डिसेंबरात ८० राफेल. अमेरिकेची एफ-३५ मात्र अजून हाती आलेली नाहीत. चीनशी असलेली जवळीक आड आली.

या याद्या वाचून ‘सगळा पैशाचा माज’ असे म्हणण्याचा मोह होतो. मी स्वतः बरीच वर्षे तसेच समजत होतो. पण खरेदीत एक धोरण आहे. १९९४ मध्ये अमेरिकेशी, १९९५ मध्ये फ्रान्सशी संरक्षण करार. २००९ मध्ये अबुधाबीत फ्रान्सचा कायमचा तळ. अल दाफ्रा विमानतळावर अमेरिकी विमाने. विमान विकत घेणारा विकणाऱ्याची काळजीही विकत घेतो. झायेद यांनी १९६८ मध्ये उघड मागितले आणि मिळाले नाही, ते त्यांच्या मुलाने बिलाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. खर्च किती, हे विचारायची सोय नाही. संघीय राष्ट्रीय परिषदेचे चाळीस सदस्य सल्ला देतात, लष्कराचा हिशेब मागत नाहीत. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेने २०१४ साठी सुमारे २३ अब्ज डॉलरचा अंदाज दिला आणि पुढे आकडा देणेच थांबवले.

यंत्रे येतात, माणसे कुठून आणायची? यावर तीन तोडगे निघाले आणि तिन्ही अजून एकमेकांशेजारी चालू आहेत.

पहिला सगळ्यांत जुना, परक्यांना नोकरीत घेण्याचा. ओमानी, येमेनी, बलुची शिपाई स्काउट्सच्या काळापासून होतेच. अधिकारीही परकेच येत राहिले. अध्यक्षीय रक्षक दल या सर्वांत कडव्या दलाची उभारणी आणि नेतृत्व केले ते ऑस्ट्रेलियाचे निवृत्त मेजर जनरल माईक हिंडमार्श यांनी. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की ब्लॅकवॉटर कंपनीचे संस्थापक एरिक प्रिन्स यांच्याकडून अबुधाबी परदेशी भाडोत्र्यांची आठशे जणांची पलटण तयार करून घेत आहे आणि त्यात कोलंबियन शिपाई भरले जात आहेत. नारायणराव पेशव्यांचा शेवट माहीत असलेल्याला ‘गारदी’ हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. पण न्याय्य बोलायचे तर गल्फमध्ये परका अधिकारी हा अपवाद नव्हता, रिवाज होता. आणि हिंडमार्श यांच्या हाताखालचे दल पुढे खरोखर लढले.

दुसरा तोडगा २०१४ चा, सक्तीच्या लष्करी सेवेचा. १८ ते ३० वयाच्या पुरुष नागरिकांना, बारावी झालेल्यांना नऊ महिने आणि न झालेल्यांना दोन वर्षे. मुदत पुढे बदलत गेली. मुलींना ऐच्छिक. त्या वर्षी मेजर मरियम अल मन्सुरी या वैमानिक महिलेने सीरियात आयसिसवरच्या हल्ल्यात भाग घेतल्याने जगभर नाव झाले, पण मला त्याहून मोलाची वाटते ती बराक. शेखाचा मुलगा आणि फुजैराच्या कोळ्याचा नातू पहाटे एकाच शिट्टीवर उठतात. ज्या देशात नागरिक जन्मभर ‘मी दुबईचा’, ‘मी अजमानचा’ अशीच ओळख सांगत आला, तिथे ‘मी अमिरातीचा’ हे वाक्य बहुधा या बराकींत रुजले.

तिसऱ्या तोडग्याला कायदा लागला नाही. अबुधाबी आणि दुबईच्या मुलाला नोकऱ्यांची वानवा नाही. रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल क्वैन इथल्या मुलाला आहे. तेल नाही, उंच इमारतीही बेताच्या. फौजेचा पगार, घर, मान हे त्याला खुणावते. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या गावांना हे वेगळे समजावून सांगायला नको. येमेनच्या युद्धात पडलेल्यांमध्ये या उत्तरेकडच्या अमिरातींचे प्रमाण मोठे होते. संघराज्याचा समतोल तेलाच्या वाटपात दिसत नाही. तो शवपेट्यांमध्ये उलटा होऊन दिसला.

येमेनकडे थांबावे लागते, कारण फौजेची खरी परीक्षा तिथे झाली. २०१५ च्या मार्चमध्ये सौदी अरेबियाच्या बरोबरीने अमिराती युद्धात उतरली. त्या उन्हाळ्यात तिच्या तुकड्या लेक्लेर्क रणगाड्यांसह समुद्रामार्गे एडनला उतरल्या आणि हौथी बंडखोरांना शहरातून मागे रेटण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एरिट्रियातल्या असाब इथे तळ उभा राहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुकल्ला बंदर अल-कायदाच्या हातून सोडवले. कोणत्याही अरब सैन्याने घरापासून इतक्या दूर, इतक्या सफाईने केलेल्या मोहिमा फार नाहीत, हे विरोधकही मान्य करतात. पण ४ सप्टेंबर २०१५ रोजी मारिबजवळच्या छावणीवर हौथींचे क्षेपणास्त्र पडले आणि पन्नासच्या आसपास अमिराती सैनिक एका दिवसात गेले. दहा लाख नागरिकांच्या देशात ओळखीचे घर नसलेले कोणी उरले नाही.

त्याच मोहिमेची दुसरी बाजू काळी आहे. दक्षिण येमेनमध्ये अमिरातीने पोसलेल्या स्थानिक दलांनी गुप्त तुरुंग चालवले, तिथे छळ झाला, असे पत्रकारांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी मांडले. अबुधाबीने ते नाकारले. लिबियात शस्त्रबंदी मोडल्याचे अहवाल आहेत. सुदानमध्ये आरएसएफ या निमलष्करी दलाला चाडमार्गे शस्त्रे पुरवल्याचे आरोप २०२४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने विश्वासार्ह ठरवले. तेही अबुधाबीने फेटाळले. सुदानने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, पण २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाने अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगून प्रकरण काढून टाकले. माझ्या मते हा माणसांच्या टंचाईचाच परिणाम आहे. आपली माणसे थोडी आणि मोलाची, म्हणून २०१९ मध्ये येमेनमधून बहुतेक सैन्य काढले आणि मरायला व मारायला दुसऱ्यांची माणसे पुढे केली. पैसा आपला, गणवेश दुसऱ्याचा. अशा लढाईला जबाबदार कोण, हे ठरत नाही, आणि ज्या देशात विचारणारी संसदच नाही तिथे ते ठरण्याची निकडही कोणाला वाटत नाही.

युद्ध मात्र परत घरी आलेच. १७ जानेवारी २०२२ रोजी हौथींनी अबुधाबीच्या मुसफ्फा भागातल्या तेल डेपोवर हल्ला केला. तीन जण मेले. दोन भारतीय, एक पाकिस्तानी. आठवड्याभराने आलेली क्षेपणास्त्रे हवेतच पाडली गेली. अमेरिकेबाहेर थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा विकत घेणारा हा पहिला देश, आणि ती युद्धात पहिल्यांदा वापरली गेली तीही इथेच, त्याच जानेवारीत. दहातल्या नऊ परक्यांना राखण्याचे काम एका नागरिकाच्या फौजेवर आहे, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना दिसली.

भारताचा या फौजेशी संबंध अलीकडे घट्ट झाला आहे. २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी अमिराती तुकडी राजपथावरून चालली. २०२० च्या जुलैत फ्रान्सहून अंबाल्याकडे निघालेली भारताची पहिली राफेल विमाने अल दाफ्राला मुक्काम करून आली, आणि त्याच डिसेंबरात जनरल मनोज नरवणे अमिरातीला गेले, भारतीय लष्करप्रमुखाची ती पहिलीच भेट. २०२४ च्या जानेवारीत दोन्ही लष्करांचा पहिला संयुक्त सराव राजस्थानात झाला. ज्या हवाईदलाची अक्षरओळख पाकिस्तानी शिक्षकांनी करून दिली, त्याच्याशी आपली ही दोस्ती इस्लामाबादला कशी वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको.

अबुधाबीत शेख झायेद मशिदीसमोर ‘वाहत अल करामा’ हे हुतात्मा स्मारक आहे. एकमेकांवर रेललेले ३१ प्रचंड फलक आणि आत भिंतीवर नावे. दुबईदर्शनाच्या सहलीत ते बसत नाही. वेळ काढून पाहा. देश ३० नोव्हेंबरला आपले हुतात्मे आठवतो, कारण १९७१ मध्ये त्या दिवशी सालेम सुहैल खमीस हा विशीतला पोलीस मोठ्या तुंब बेटावर इराणी सैनिकांशी लढताना पडला. संघराज्याच्या हुतात्म्यांत त्याचे नाव पहिले. तो रास अल खैमाच्या पोलिसांत होता. संघराज्य दोन दिवसांनी जन्मले, आणि रास अल खैमा त्यात सामील झाली ती १० फेब्रुवारी १९७२ ला.